विटीवरचा आळ

माझ्या बहिणीचा डोळा माझ्या विटीनं गेला नाही. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला तर नाहीच. निपाणीतल्या आमच्या गल्लीत, तिच्या सासरी येळ्ळुरात, पै-पाहुण्यांत सगळीकडं माहीत आहे ते असं, की लहानपणी भावानं विटी मारली आणि पोरीचा डोळा गेला. वाचणाऱ्याला वाटेल, आळ खोटा होता तर तो झटकायला एवढी वर्षं कशाला? त्याचंच उत्तर द्यायला बसलो आहे. आळ खोटा आहे हे कळल्यावरही मी तो अंगावर ठेवला, आणि जिथं ठेवायला नको होता नेमका तिथंच ठेवला.

सत्तर साल असावं. मी नुकताच शाळेत जायला लागलो होतो आणि ती दुडूदुडू चालत माझ्या मागं यायची. वडील, म्हणजे आमचे आप्पा, तंबाखूच्या वखारीत कामाला होते. घरात वीज नव्हती. दिवेलागणीला आई कंदील पेटवून सोप्यात ठेवायची आणि बहीण आतल्या अंधारातनं बाहेर यायला लागली की तिच्या डाव्या डोळ्यात पांढरट चमक उठायची, मांजराच्या डोळ्यात उठते तशी. मला त्याची गंमत वाटायची. मी मुद्दाम कंदिलाच्या मागं बसून ‘ये मने, ये मने’ करायचो आणि ती हसत पुढं आली की तो डोळा पेटल्यासारखा व्हायचा. हे विटी लागायच्या आधीचं आहे. ही आठवण माझ्याजवळ कायम होती. तिचा अर्थ मला कुणी विचारला नाही आणि मीही स्वतःला विचारला नाही.

विटी लागली हेही खरं आहे. परड्यात मी एकटाच खेळत होतो, ती मध्ये आली, भुवईच्या वर खोक पडली. आईनं हळद दाबली, तोंड उजेडाकडं वळवून जखम बघितली आणि बघता बघता गप्प झाली. दुसऱ्या दिवशी आप्पा आणि आई तिला घेऊन बोरगाव, इचलकरंजी करत मिरजेला गेले. बऱ्याच दिवसांनी परत आले तेव्हा तिच्या अर्ध्या तोंडावर पट्टी होती. दारात बायका जमल्या.

“काय झालं गं पोरीला?”

“थोरल्याची विटी लागली बघ की,” आई म्हणाली.

मी दाराआड उभा होतो. मला तेव्हाच कळलं की मी काय केलं आहे.

एक गोष्ट मात्र तेव्हा कळली नाही. आमच्या घरात मार सढळ हातानं मिळायचा. घागर फुटली म्हणून, चप्पल हरवली म्हणून आप्पांनी मला चांगला बडवलेला आहे. पण बहिणीचा डोळा फोडला म्हणून मला कुणी बोटसुद्धा लावलं नाही. आईनं त्या दिवशी मला जवळ घेऊन जेवायला वाढलं, भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. मला वाटलं, माझा गुन्हा इतका मोठा आहे की त्याला मार पुरणार नाही.

शाळेत माझं नाव डोळंफोड्या पडलं. एकदा खेळाच्या तासाला गुरुजी सगळ्यांसमोर म्हणाले, “ह्येला चेंडू नगा देऊ रं, नेम लई चांगला हाय ह्येचा.” पोरं हसली, मीही हसलो. त्यानंतर विटीदांडूला मी कधी हात लावला नाही. गोट्या, लगोरी, काहीच नाही. सुट्टीत बहिणीचं दप्तर धरून तिच्या वर्गाबाहेर उभा राहायचो.

ती मात्र या सगळ्याचा पुरेपूर फायदा घ्यायची. तिला मिरजेचा काचेचा डोळा बसवला होता. वाढत्या वयाबरोबर तो बदलावा लागायचा आणि त्यासाठी आप्पा तिला घेऊन जायचे. एकटेच. मी येतो म्हटलं तर म्हणायचे, “तू काय करणार थितं?” घरी डोळा धुवायला काढला की ती तो तळहातावर घेऊन माझ्यापुढं धरायची. “आण्णा, एक डोळा दिलाय तुला. आता तो पेरू दे.” मी पेरू द्यायचो. भाऊबीजेला ताट हातात घेऊन म्हणायची, “ओवाळणी नको बाबा, माझा डोळा आणून दे की.” घरातले सगळे हसायचे. मी हसून झाल्यावर परड्यात जाऊन उभा राहायचो. ती मागनं यायची आणि म्हणायची, “रडतोस काय रं? चेष्टा केली. त्यामुळं तर माझ्या वाट्याचं काम तू करतोस, मला बरंच हाय.” तिनं मला कधी मनापासून दोष दिला नाही. तिनं मला रोज माफ केलं, आणि त्या माफीवर मी वाढलो.

डोळ्याचा डॉक्टर व्हायचं माझ्या मनात होतं. तेवढे मार्क पडले नाहीत. बेळगावला जीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि त्याच कॉलेजात प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागलो. तिथं आमच्या एक बाई होत्या, प्राध्यापक. धारवाडच्या. नवीन काही वाचलं की त्यांना ते वर्गात सांगितल्याशिवाय राहवायचं नाही. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. मी वर्गाच्या मागच्या बाजूला सूक्ष्मदर्शकाच्या काचा पुसत होतो आणि बाई कर्करोगाविषयी बोलत होत्या. पेशीत काहीतरी वाईट शिरतं म्हणून कर्करोग होतो असं आपण समजतो, त्या म्हणाल्या, पण काही लोक आता उलट विचारतायत. पेशीतलं काहीतरी चांगलं जातं म्हणून होत असेल तर?

मला ते चटकन समजलं, ते आप्पांच्या वखारीमुळं. तंबाखूचा ढीग घालून ठेवला की तो आतनं तापतो. वरनं काही दिसत नाही. आप्पांचं काम हेच होतं. कोपरापर्यंत हात ढिगात घालून ऊब बघायची आणि ती जास्त वाटली की ओरडून काम थांबवायचं, ढीग मोडून पसरायला लावायचा. कुणी हातच घातला नाही तर माल आतल्या आत जळून काळा पडतो. बाई सांगत होत्या ते असंच होतं. पेशीला धुराचा, उन्हाचा, किरणांचा, कसलाही ताण पडला, तिच्या आतल्या लिखाणात चूक झाली, की हात घालून ऊब बघणारी आणि थांब म्हणणारी जनुकं तिच्याजवळ असतात. प्रत्येकाच्या दोन प्रती. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एक बिघडली तरी दुसरी काम निभावते. दोन्ही गेल्या की पेशीला थांबवणारं कुणी उरत नाही. पण एखादं मूल जन्मतःच एक प्रत बिघडलेली घेऊन येतं. त्याच्या अंगातल्या प्रत्येक पेशीत राखण करणारा एकच असतो, आणि कुठल्यातरी एका पेशीतला तो एकटा गेला की गाठ सुरू होते.

“याचं उदाहरण लहान मुलांच्या डोळ्यातली गाठ,” बाई म्हणाल्या. “घराण्यात चालत येते. आईबापांना पहिल्यांदा काय दिसतं माहीत आहे? अंधारात दिवा समोर आला की बाहुलीत पांढरी चमक. मांजरासारखी.”

मी हातातली काच खाली ठेवली. विटी, खोक, आईचं गप्प होणं, न मिळालेला मार, आप्पांचं एकट्यानं मिरजेला जाणं, सगळं एका बाजूला येऊन बसलं. वर्ग सुटला तरी मी मागं उभाच होतो. बाईंनी विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, वखारीतला खोकला आहे, घराण्यातला.

शनिवारी निपाणीला गेलो तो घरी न जाता सरळ वखारीत. तोंडाला फडकी बांधून बायका पाला निवडत होत्या. आप्पांचा हात ढिगात होता.

“आप्पा, तिचा डोळा माझ्या विटीनं गेला न्हाय ना?”

त्यांनी हात बाहेर काढला, बायकांकडं बघितलं आणि म्हणाले, “भाईर चल.”

बाहेर लिंबाखाली उभं राहून त्यांनी हाताची भुकटी झटकली. “कुणी सांगितलं?”

“कुणी न्हाय. कालिजात शिकवलं.”

“कालिजात आमच्या घरातलं शिकिवत्यात व्हय रं?” ते हसायला गेले, जमलं नाही. मग म्हणाले, “व्हय. गाठ हुती. मिरजेचा डॉक्टर म्हणाला, डोळा काढा, न्हायतर पोरगी जाती. आन् म्हणाला, फुडं हिला पोरं झाली तर त्यांचं डोळं बारक्या असल्यापास्नं दाखवत जावा.”

“मग माझं नाव का घातलासा?”

“आम्ही कुठं घातलं? बायकांनी इचारलं, तुझी आई बोलून गेली. मागनं बरंच वाटलं.”

“कुणाला?”

“समद्यांनाच. विटी लागल्याली पोरगी खपती गा. रक्तात रोग असल्याली कोण पदरात घेतंय? तू पोरगा हाईस. पोराला कुठं डाग लागतोय?”

डाग! मला ओरडायचं होतं की वर्गाबाहेर दप्तर धरून उभं राहणारा पोरगा तुम्हांला दिसत नव्हता का? पण आप्पांसमोर आवाज चढवायची सवय नव्हती. मी एवढंच म्हणालो, “मला तरी सांगायचं.”

“तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. लोकं पटकन वळाखत्यात.” आणि वखारीत परत वळता वळता म्हणाले, “उद्या येळ्ळूरची माणसं बघायला येणार हायत तिला. डोळ्याचं इचारतील. तूच सांग. तू सांगितल्यावर खरं वाटतंय.”

माझ्याच आईबापांनी मला फसवलं होतं. हे लिहायला सोपं आहे. पण फसवलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उठून अंगण झाडतो, पाहुण्यांना पाणी देतो, हे जास्त अवघड आहे. मी ते केलं.

येळ्ळूरची माणसं जीपमधनं आली. शेतीवाली, मोकळी माणसं. मुलगा शेती बघून बेळगावात एका कारखान्यात पाळीवर जायचा. त्याच्या आत्तीनं बहिणीच्या हातात सुईदोरा दिला. बहिणीनं एका झटक्यात ओवला आणि म्हणाली, “आणखी बारीक सुई हाय का?” सगळे हसले. मग आत्तीनं आवाज खाली आणून विचारलं, “डोळ्याचं जल्मापास्नं हाय का हो?”

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. आई पडद्याआडनं बघत होती. बहीणसुद्धा बघत होती, पण तिच्या बघण्यात भीती नव्हती. उलट मला लाज वाटू नये म्हणून ती बारीक हसत होती.

“न्हाय,” मी म्हणालो. “माझी विटी लागली.”

“आता ह्यो भाऊ जल्मभर बहिणीच्या पाया पडणार म्हणा की!” मुलगा म्हणाला, आणि सुपारी फुटल्यासारखंच झालं. जाताना त्यानं मला बाजूला घेतलं. “आण्णा, मनाला लावून घेऊ नका. आमच्या हातनं लहानपणी बैलाचं शिंग मोडलंय. अजून आमचा बा तेच काढतोय.” चांगला माणूस. तेच माझे मेहुणे. पुढं जे झालं ते याच माणसाच्या बाबतीत झालं.

पहिलं बाळंतपण आमच्याकडं, निपाणीला झालं. मुलगा. निम्मी शक्यता होती की आईची चांगली प्रत त्याच्याकडं आली असेल, निम्मी शक्यता होती की बिघडलेली. हे घरात मला एकट्याला कळत होतं आणि आप्पांना त्यांच्यापुरतं. मी खोलीत अंधार करून पोराच्या डोळ्यांवर बॅटरी धरायचो. आई खेकसायची, “तान्ह्या पोराच्या डोळ्यावर कशाला उजेड मारतोस?” काही दिसायचं नाही. मी मनाशी म्हणायचो, दिसत नाही म्हणजे नाही. मला पक्कं ठाऊक होतं की तसं नसतं. डोळ्यात औषध घालून, आरसा लावून डॉक्टरनंच बघावं लागतं. बेळगावात डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडं न्यायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी आप्पांना एकदा म्हणालो, दाखवूया. ते म्हणाले, “दिसलं तर बघू.”

पोरगा वर्षाचा व्हायच्या सुमाराला ती दिवाळीला आली. संध्याकाळी तिनं दारात पणत्या लावल्या, पोराला कडेवर घेतलं आणि मला हाक मारली. “आण्णा, गंमत बघ. ह्याचा डोळा मांजरागत चमकतोय.”

ती हसत होती. मी लहानपणी हसायचो तशीच.

दुसऱ्याच दिवशी बेळगावला डॉक्टरांकडं गेलो. ते म्हणाले, मोठ्या दवाखान्यात न्या, मिरजेला किंवा हुबळीला. आमच्या भागातला माणूस अशा वेळी डोळे झाकून मिरजेला जातो. मेहुणे तसंच म्हणाले. पण आप्पा मध्येच बोलले. “मिरज नको. ते परराज्य. कागदपत्रांचा ताप हुतोय. हुबळी आपल्या राज्यातलं हाय.”

मेहुणे चकित होऊन बघायला लागले. सीमाप्रश्नाच्या मोर्च्यात आप्पांनी पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या होत्या. हा भाग महाराष्ट्रात गेला पाहिजे म्हणून जन्मभर कुणाशीही भांडणारा माणूस, त्याच्या तोंडून मिरज परराज्य! “काय आप्पा, कोगनोळीच्या सीमानाक्यावर शपथ घेतली का काय?” मेहुणे म्हणाले. आप्पा हसले नाहीत. मिरजेच्या दवाखान्याच्या कागदांत बहिणीच्या नावापुढं गाठ लिहिलेली होती, विटी नव्हती. हे फक्त मला कळलं.

हुबळीला आम्ही सगळे गेलो. डॉक्टर कानडी, बोलायला शांत. त्यांनी पोराला तपासलं, मग बहिणीकडं बघितलं. तिचा काचेचा डोळा त्यांच्या नजरेतनं सुटला नाही. मी शिकलेला म्हणून घरच्यांनी मला पुढं केलं होतं, तेव्हा बहिणीच्या डोळ्याकडं बोट करून त्यांनी मला इंग्रजीत विचारलं. आईचा डोळा कशानं गेला? घरात आणखी कुणाला असं काही?

खोलीत बहिणीची सासू होती, मेहुणे होते, पोराला छातीशी धरून बहीण होती. दारातल्या बाकावर आप्पा होते. त्या प्रश्नाचा पुरता अर्थ त्या खोलीत डॉक्टर सोडून फक्त मला माहीत होता. मी आप्पांकडं बघितलं. माझ्या मनात होतं ते असं की हे तुम्ही बोला. मी आयुष्यभर तुमचं खोटं पेललं, आता एकदा तुम्ही खरं बोला. आप्पांनी छत्रीची मूठ फिरवली आणि खाली बघितलं. आणि तेवढ्यात बहीणच कानडीत म्हणाली, भावाची विटी लागली हो लहानपणी, मुद्दाम नव्हे, तो पण लहानच होता.

डॉक्टरांनी खात्री करायला माझ्याकडं बघितलं.

“इंज्युरी,” मी म्हणालो. “नो फॅमिली हिस्टरी.”

मी तसं का म्हणालो? सासूसमोर बहिणीचा संसार मोडेल ही भीती होती. ती खरी आहे, पण पुरेशी नाही. आप्पा बोलत नाहीत तर मी का बोलू, हा राग होता, आणि तो राग पोराच्या डोळ्यापेक्षा मोठा झाला. आणखीही एक होतं. तिनं मला रोज माफ केलं होतं. ती माफी काढून घेतली तर मी तिचा कोण उरत होतो, हे मला माहीत नव्हतं.

पोराचा तो डोळा काढला. एकाच डोळ्यात आहे, घराण्यात नाही, तेव्हा सहा महिन्यांनी दाखवायला या, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी सांगितलं त्यावर ते बरोबरच होतं. घराण्यातलं आहे हे कळलं असतं तर त्यांनी दर महिन्याला दुसरा डोळा तपासला असता. मी बहिणीला म्हणायचो, मधूनमधून जाऊन येऊया. ती म्हणायची, “आण्णा, तू डॉक्टरच्या वरचा झालास काय? पोरगं भ्यायलंय बघ दवाखान्याला. सुगी हुंदे, मग जातो.” मी रविवारी येळ्ळूरला जाऊन त्या उरलेल्या डोळ्यावर बॅटरी धरायचो. काही दिसायचं नाही.

सहा महिन्यांनी दुसऱ्या डोळ्यात गाठ निघाली. लवकर सापडली असती तर थोडक्यात भागलं असतं. आता किरणांचे शेक द्यावे लागले. डोळा वाचला, नजर गेली म्हणण्याइतकी कमी झाली. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत आहे म्हणजे जन्मतःच आलेलं आहे. आईबापांपैकी कुणाच्या तरी घराण्यात असेल किंवा याच्यापासनं नवीन सुरू झालेलं असेल.

त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात मेहुण्यांनी मला डबा उघडून दिला आणि स्वतः काही खाल्लं नाही.

“आण्णा, माझ्याच घराण्यातनं आलंय हे.”

“कशावरनं?”

“आमचा चुलता आंधळा हुता की. म्हातारपणी झाला म्हणायचे, पण खरं काय कुणाला ठावं? तुमच्याकडं तर काय न्हाय. हिचा डोळा तर विटीनं गेलाय.” त्यांनी तोंड पुसलं. “मी पोराला ह्ये दिलं.”

मी भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला. एक वाक्य पुरेसं होतं. त्या बाकावर आमच्या दोघांशिवाय कुणी नव्हतं, सासू नव्हती, आप्पा नव्हते, आता वाचवायला कुठला डोळाही नव्हता. तरीही मी गप्प बसलो. दाराआड उभं राहून आईचं बोलणं ऐकणाऱ्या पोराच्या पोटात जे शिरलं होतं ते मेहुण्यांच्या पोटात शिरताना मी समोर बसून बघितलं. आप्पांनी माझ्या बाबतीत जे केलं ते मी मेहुण्यांच्या बाबतीत केलं. आप्पांना निदान कळत नव्हतं की ते काय करतायत.

मेहुण्यांनी दुसरं मूल होऊ दिलं नाही. स्वतःचं ऑपरेशन करून घेतलं. येळ्ळुरात त्या वेळी पुरुषानं असं करणं म्हणजे पारावर चेष्टेचा विषय. ते म्हणायचे, “माझा दोष, मी बंद केला.” बहिणीला मुलगी हवी होती. ती यावरून त्यांना कधी बोलली नाही. तिला माफ करायची सवय होतीच, माझ्यावर झालेली. तिनं नवऱ्यालाही माफ करून टाकलं.

आप्पा गेले, मागनं आई गेली. आप्पांनी शेवटपर्यंत तो विषय काढला नाही, आणि मीही नाही. पेशींना थांबवणाऱ्या आणखी बऱ्याच जनुकांची माहिती पुढं लोकांना झाली. मी ती वाचत गेलो, प्रयोगशाळेत पोरांना सांगतही गेलो. बहीण अजून सकाळी मिश्री लावते. तंबाखू भाजून केलेल्या त्या काळ्या भुकटीचं बोट तिच्या दातावर फिरताना मला बघवत नाही. ज्याच्या अशा जनुकाची एक प्रत जन्मतःच गेली आहे त्या माणसानं तंबाखूच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. मी तिच्यावर ओरडतो. ती म्हणते, “अख्ख्या निपाणीनं जल्मभर तंबाखू खाल्ली, तू मलाच का बोलतोस?” मला का ते सांगता येत नाही.

भाचा मोठा झाला, शिकला. पान नाकाला लावून वाचतो, पण वाचतो. गेल्या वर्षी त्याच्यासाठी मुलगी बघायला गेलो. मामा म्हणून मी पुढं बसलो होतो. डोळ्यांचं विचारायच्या आधीच मेहुणे हात जोडून बोलायला लागले. “आधीच सांगतो. ह्यो आजार पोराच्या पोरांना येऊ शकतो. जन्मल्यापास्नं डोळे दाखवत राहावं लागंल. दोष आमच्या घराण्याचा हाय, पोराचा न्हाय, त्याच्या आईचा तर अजाबात न्हाय.” मुलीचे वडील विचार करून म्हणाले, “एवढं खरं बोलणारं घर आमाला चालंल.” मेहुण्यांनी माझ्याकडं बघितलं, शाबासकी मागितल्यासारखं. मी मान हलवली.

बहिणीच्या सूनबाईला आता दिवस गेले आहेत. पोराचे डोळे जन्मल्यावर लगेच दाखवायचे हे ठरलेलं आहे. ते मेहुण्यांनी ठरवलं, मी नाही. त्या बाळासाठी मी काही करायचं राहिलेलं नाही. राहिलंय ते आधीच्या माणसांचं.

मेहुण्यांचं मी एवढं एक खरं देणं लागतो, की तुमच्या घराण्यात काही नव्हतं. ते आमच्याकडून आलं, मला माहीत होतं, आणि हुबळीला डॉक्टरनं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. हे मी त्यांना येळ्ळूरला जाऊन, बहिणीसमोर सांगायला हवं. अजून सांगितलेलं नाही.